पतसंस्थेची जीप, कोळशाची वीज आणि दुपारचे ऊन: साताऱ्यातील एका वाहनखरेदीचे प्रकरण

सातारा शहरात मुख्य कार्यालय आणि जिल्ह्यात पाच शाखा असलेल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या संचालक मंडळापुढे मे २०२५ मध्ये 'वसुली विभागासाठी नवीन चारचाकी वाहन खरेदी करणे' हा विषय विषयपत्रिकेत नवव्या क्रमांकावर आला. त्याआधीचे आठ विषय अर्ध्या तासात संपले होते. नवव्या विषयावर मात्र दोन तास चर्चा झाली, चहा दोनदा आला, आणि शेवटी विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करून तांत्रिक टिपण मागवण्याचे ठरले. मी या संस्थेचा जुना सभासद आहे आणि माझी नोकरी वीज वितरणात गेली, म्हणून ते टिपण करण्याचे काम माझ्याकडे आले. पुढील हकिगत त्या टिपणाची, त्यावरून झालेल्या वादाची आणि खरेदीनंतर जे घडले त्याची आहे. संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

संस्थेची जीप डिझेलवर चालणारी आणि अकरा वर्षांची होती. ती वर्षाला साधारण २०,००० किलोमीटर धावत असे आणि तिचे ॲव्हरेज बारावर आले होते. व्यवस्थापकांनी तीन कोटेशने जोडली होती आणि त्यांचा कल पेट्रोल गाडीकडे होता, कारण तिची किंमत सर्वांत कमी होती. एका तरुण संचालकाने इलेक्ट्रिक गाडीचा आग्रह धरला. देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, संस्थेने निदान स्वतःपुरते तरी त्यातून बाहेर पडावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला विरोध केला तो कोरेगाव तालुक्यातील एका ज्येष्ठ संचालकांनी. त्यांना सगळे तात्या म्हणतात. ते ऊस उत्पादक आहेत, कारखान्याचे सभासद आहेत, आणि सभेत ते बोलू लागले की मोबाईल बाजूला ठेवले जातात.

"पोरा, तुझी गाडीबी कोळशावरच चालायची," ते म्हणाले. "धूर हितनं उचलून चंद्रपूरला न्यायचा, आणि हितं म्हणायचं की आम्ही स्वच्छ झालो."

हे वाक्य सभावृत्तांतात आले नाही, पण टिपणाचा निम्मा भाग त्यालाच उत्तर देण्यात गेला. पूर्ण उत्तर मला देता आले नाही, हेही आधीच नमूद करतो.

लॉगबुकात काय सापडले

अशा वादात दोन्ही बाजू देशाचे आणि जगाचे आकडे काढतात आणि ज्या गाडीबद्दल निर्णय घ्यायचा तिची वही कोणी उघडत नाही. मी सर्वांत आधी मागील वर्षाचे लॉगबुक मागवले. ड्रायव्हरचे अक्षर टपोरे आणि नोंदी प्रामाणिक होत्या. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मीटरचे आकडे, आणि शेरा या रकान्यात 'जामीनदार घरी नाही' किंवा 'टायर पंक्चर, कोरेगाव' असे काही.

त्या वहीतून दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे २०,००० किलोमीटरपैकी साडेपाच हजारांच्या आसपास किलोमीटर एकट्या पुण्याच्या फेऱ्यांचे होते. सहकार आयुक्तालय, वकील, लेखापरीक्षक अशा कामांसाठी महिन्यातून दोनदा पुणे घडत होते आणि एकेका फेरीत जाऊन-येऊन सुमारे २३० किलोमीटर पडत होते. उरलेले दिवस कोरेगाव, रहिमतपूर, मेढा, उंब्रज या पट्ट्यातले होते आणि त्या दिवशी गाडी क्वचितच ८० किलोमीटरच्या पुढे गेली होती.

दुसरी गोष्ट वेळेची होती, आणि माझ्या मते सगळे प्रकरण तिच्यावर फिरले. थकबाकीदार घरी सापडतो तो सकाळी कामावर जाण्यापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर. त्यामुळे वसुली अधिकारी सकाळी सातला बाहेर पडतात, साडेदहा-अकराला कार्यालयात येतात, दुपारी नोटिसा आणि कागदपत्रांचे काम करतात आणि पाचच्या सुमारास पुन्हा निघतात. म्हणजे पुण्याचे दिवस सोडले तर जीप अकरा ते साडेचार या वेळेत कार्यालयाच्या मागच्या आवारात उभी असे. वर्षभर ती त्याच जागी, उन्हात उभी होती, आणि त्या उन्हाची एवढी वर्षे एकच तक्रार होती, ती म्हणजे स्टिअरिंगला हात लावता येत नाही.

धुराचा हिशेब

तात्यांच्या मुद्द्याचे उत्तर देण्यासाठी मी पेट्रोल गाडी आणि इलेक्ट्रिक गाडी यांचा धूर एकाच पट्टीने मोजला. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नवीन पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज पंधरा धरले, तर २०,००० किलोमीटरला १,३३३ लिटर पेट्रोल लागते आणि त्यातून सुमारे ३.१ टन वायू निघतो. परंतु पेट्रोल पंपावर उगवत नाही. तेल काढणे, जहाजाने आणणे, शुद्ध करणे, टँकरने पोचवणे यांचा धूर पाचव्या हिश्शाने वाढवून धरला, तर आकडा ३.७ टनांवर जातो.

इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगमधील तूट धरून १०० किलोमीटरला १७ युनिट धरले. वर्षाला ३,४०० युनिट झाले. ही वीज तारांतून येताना १५ टक्के वाया जाते असे मानले, तर वीजकेंद्रात ४,००० युनिट तयार व्हावे लागतात. आपल्या देशात विजेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग अजूनही कोळशातून येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीप्रमाणे देशाच्या वीजजाळ्यातल्या सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. त्या हिशेबाने वर्षाला २.९ टन.

म्हणजे फरक वर्षाला ०.८ टनांचा. इलेक्ट्रिक गाडी जिंकली खरी, पण तिचे समर्थक सांगतात तेवढ्या मोठ्या अंतराने नाही. आणि यात बॅटरी बनवताना झालेला धूर अजून आलेला नाही. बॅटरीच्या प्रत्येक युनिट क्षमतेमागे तो साधारण ६० ते १०० किलो धरतात. आम्ही पाहत होतो त्या गाडीची बॅटरी ४० युनिटची होती. सुमारे तीन टनांचे हे कर्ज घेऊनच गाडी शोरूममधून बाहेर पडते आणि दरसाल ०.८ टनाच्या हप्त्याने ते फिटायला चार वर्षे जवळ येतात. पतसंस्थेच्या संचालकांना कर्ज आणि हप्ता या भाषेत हे लगेच समजले, आणि तात्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

त्यानंतर मी दुसरा रकाना उघडला. हीच गाडी, हेच किलोमीटर, पण चार्जिंग रात्री घरगुती सवयीने न करता दुपारी अकरा ते साडेचार या वेळेत, कार्यालयाच्या छतावर बसवलेल्या सोलर पॅनेलवर करायचे. साताऱ्यात एक किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ दिवशी चार युनिटच्या आसपास वीज देते. पावसाळ्याचे ढगाळ महिने वजा धरूनही तीन किलोवॅटचे पॅनेल वर्षाला गाडीच्या गरजेइतकी वीज देऊ शकते. पुण्याच्या फेऱ्या आणि पावसाळा यांमुळे सगळे चार्जिंग छतावर होणार नाही, म्हणून मी दोन तृतीयांशच धरले. जाळ्यातून घेतलेल्या विजेचा धूर वर्षाला एक टनाच्या आत आला, फरक २.७ टनांवर गेला आणि बॅटरीचे तेच कर्ज वर्षभरात, फार तर तेरा-चौदा महिन्यांत फिटू लागले.

दोन्ही रकान्यांत गाडी एकच होती. वाद आजवर गाडीच्या नावावर चालला होता, आणि हिशेब सांगत होता की ती गाडी कोणत्या वेळी आणि कशाला जोडली जाते यावर उत्तर तिप्पट बदलते.

येथे तरुण संचालकांच्या बाजूनेही एक पळवाट होती आणि ती मी टिपणातच बंद केली. कार्यालयावर पॅनेल तसेही बसणार असते, तर त्याची वीज नेट मीटरिंगमधून, म्हणजे जादा वीज जाळ्याला देऊन ती बिलात वळती करण्याच्या सोयीतून, जाळ्यात गेलीच असती आणि गाडीला 'सूर्यावर चालणारी' म्हणणे ही हिशेबाची चलाखी ठरली असती. पॅनेलचा प्रस्ताव यापूर्वी दोनदा बारगळला होता. गाडी घेतली तरच पॅनेल बसणार, अशी स्थिती होती, म्हणून दोन्हींचा एकत्र विचार करणे मला योग्य वाटले. आणि दोन्हींचा ठराव एकच असावा, अशी अट मी घातली.

कोयनेची वीज कोणाची

दुसऱ्या सभेत पाटणकडील एका संचालकांनी वेगळाच मुद्दा काढला. आपल्या जिल्ह्यात कोयना आहे, चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह मिळून १,९६० मेगावॅटचा प्रकल्प आहे, चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, मग साताऱ्यातल्या गाडीला कोळशाचा दोष कशाला? हा प्रश्न भाबडा नाही. ज्यांची गावे शिवसागराच्या पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांना तो विचारण्याचा अधिकार आहे. पण जाळ्यात शिरलेल्या विजेला गाव उरत नाही. शिवाय कोयनेचे पाणी वीज करण्यासाठी पश्चिमेकडे किती वळवायचे, याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे ते पाणी जपून, मागणी एकदम चढते त्या वेळेला वापरायचे असते. आपण रात्री अकराला एक गाडी जास्त लावली म्हणून कोयनेच्या पोफळी वीजगृहात एक थेंब जास्त सोडला जात नाही. त्या जादा युनिटसाठी बहुतेक वेळा कुठे तरी कोळसाच टाकला जातो, आणि राज्यात तो चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रात किंवा कोराडी-खापरखेड्याला टाकला जातो. तात्यांचे पहिले वाक्य या अर्थाने शब्दशः खरे होते.

पवनचक्क्यांबाबत एक गोष्ट मात्र आमच्या उपयोगाची होती. पठारावरचा वारा जोर धरतो तो जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमका छतावरचे पॅनेल ढगाखाली असते तेव्हा. त्याने एका गाडीचा हिशेब बदलत नाही, पण जिल्ह्याचा बदलू शकतो.

ऊस की काच

तात्यांचा खरा पर्याय डिझेल नव्हताच. पेट्रोल गाडी घ्या, तिच्यात वीस टक्के इथेनॉल आपल्याच उसाचे आहे, पैसा आखातात न जाता कोरेगाव-कराडकडे येतो, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्याला धरून बोलणारे तीन संचालक होते. वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते २०२५ वर आणले गेले, आणि कारखान्यांच्या गाळपाचे अर्थकारण त्याने बदलले, हे कोणी नाकारू शकत नाही. त्याच वेळी डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या उत्पादनाची काळजी वाटताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले होते, तेव्हा भट्ट्यांसाठी कर्ज काढलेल्या कारखान्यांची काय तारांबळ उडाली, हेही तात्यांनीच सभेत सांगितले. प्रामाणिक विरोधकाची हीच सोय असते.

मी एक एकराचा हिशेब मांडला. एकरी ४० टन ऊस आणि रसापासून टनाला ७० लिटर इथेनॉल धरले, तर २,८०० लिटर होतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज दहा धरले. एका एकरावर वर्षाला २८,००० किलोमीटर. त्याच एकरावर सोलर पॅनेल मांडले, एक मेगावॅटला पाच एकर आणि वर्षाला १५ लाख युनिट धरले, तर एकरी ३ लाख युनिट मिळतात आणि १०० किलोमीटरला १७ युनिटने गाडी साडेसतरा लाख किलोमीटर चालते.

सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तात्या म्हणाले, "मग काय, ऊस उपटून काचा लावायच्या का?"

हसू ओसरल्यावर मला सांगावे लागले की, हा हिशेब उसाविरुद्धचा निकाल नाही. मळीपासूनचे इथेनॉल साखरेनंतर उरलेल्या पदार्थातून येते, त्याला वेगळे एकर लागत नाही. बगॅसवर, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यावर, कारखाने वीज करतात. आणि शेतकऱ्याच्या हाती उसाचा पैसा पडतो तसा छताच्या काचेतून कोणाच्या हाती पडत नाही. पण केवळ गाडी चालवण्यासाठी पाणी पाजून ऊस वाढवायचा असेल, तर ती फार महागडी सौरऊर्जा आहे, एवढे त्यातून दिसते. हे उत्तर तात्यांना आवडले नाही. खोटे आहे असेही ते म्हणाले नाहीत.

परावलंबन नक्की कशाचे

याच सुमारास वर्तमानपत्रांतून चीनच्या बातम्या येत होत्या. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि आपल्याकडच्या वाहन कारखान्यांना गाडी फिरवणाऱ्या विजेच्या मोटरींसाठी चुंबक मिळेनात. बॅटरीचे सेलही मुख्यतः तिकडूनच येतात. व्यवस्थापकांनी कात्रण आणले होते. तेल सोडून चुंबकात अडकायचे, तर त्यात मिळवले काय, असा त्यांचा प्रश्न होता.

मी त्यांना संस्थेचेच उदाहरण दिले. भाड्याच्या जागेत असलेली शाखा आणि मालकीच्या जागेतली शाखा यांत फरक काय? मालकीची जागा घेताना बिल्डरवर अवलंबून राहावे लागते, पण ते एकदा. भाडे दर महिन्याला. तेलाचे परावलंबन भाड्यासारखे आहे. पुरवठा थांबला किंवा भाव भडकला, तर चालू असलेल्या प्रत्येक गाडीला त्याची झळ बसते. चुंबक किंवा सेल थांबले, तर नव्या गाड्या अडतात, रस्त्यावरच्या चालत राहतात. बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी सर्रास दिली जाते आणि आमच्या वापराने दोन्ही एकदमच संपणार होते. तेवढ्या काळात पुन्हा चीनकडे जाण्याची वेळ येऊ नये. अपघातात गाडीची मोटर किंवा बॅटरी गेली, तर मात्र येईल, आणि तेव्हा सुटा भाग किती दिवसांत मिळेल याची लेखी हमी एकाही विक्रेत्याने दिली नाही. ती उणीव टिपणात तशीच लिहिली आहे.

कोळसा आणि तेल यांना 'जीवाश्म इंधन' म्हणून एकाच पोत्यात भरण्याने या चर्चेत बराच गोंधळ झाला, असे माझे मत आहे. तेल परकीय चलन घेऊन जाते. चंद्रपूरचा कोळसा बहुतांशी देशातला, पण त्याची राख आणि उष्मा तिथल्या लोकांच्या वाट्याला येतो. जाळ्यावर चार्ज होणारी गाडी पहिले परावलंबन बरेच कमी करते, दुसरे फारसे नाही. तरुण संचालक पहिल्याबद्दल बोलत होते, तात्या दुसऱ्याबद्दल, आणि दोन तास दोघांनाही वाटत होते की समोरचा आपल्यालाच खोडून काढतो आहे.

खर्च आणि ठराव

पैशाचे थोडक्यात सांगतो. पेट्रोल १०५ रुपये धरून वर्षाला १ लाख ४० हजार, आणि व्यापारी दराची वीज १२ रुपये धरून सुमारे ४१ हजार. किमतीतला फरक चार लाखांचा होता, तो चार वर्षांत भरून निघत होता. टिपण दिल्यानंतर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर तो २०१९ पासून ५ टक्केच आहे. फरक वाढला आणि माझा तक्ता दुसऱ्यांदा करावा लागला. चाराची पाच वर्षे झाली. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांनाच असल्यामुळे पॅनेलला ते मिळणार नव्हते. राज्याच्या २०२५ च्या धोरणातली टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांच्यासाठी गाजली, पण आमचे टोलनाके आणेवाडी आणि खेड-शिवापूर.

निर्णयाआधी एक चाचणी घेतली. जूनच्या रिमझिम पावसात विक्रेत्याची गाडी घेऊन आम्ही चौघे यवतेश्वर घाटाने कासला गेलो. निघताना बॅटरी ९१ टक्के होती, पठारावर ७५ झाली. ड्रायव्हरचा चेहरा पडला. पंचवीस किलोमीटरला सोळा टक्के म्हणजे पुणे विसराच, असे त्याच्या मनात आले असणार. माणसांसह १,७०० किलोची गाडी ५०० मीटर उचलायला निव्वळ सवादोन युनिट जातात, ती कोणत्याही गाडीला द्यावीच लागतात. पेट्रोल गाडीत ती उतरताना ब्रेकच्या तापण्यात संपतात. परतीच्या उतारावर ड्रायव्हरची नजर रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त होती. "साहेब, मीटर उलटा चाललाय," तो म्हणाला. साताऱ्यात पोचलो तेव्हा ७० टक्के होते. जाऊन-येऊन सरासरी १०० किलोमीटरला १७ युनिटच पडली.

ठराव झाला तो असा: इलेक्ट्रिक गाडी आणि पाच किलोवॅटचे सोलर पॅनेल एकत्र मंजूर. चार्जिंग शक्यतो दुपारी. लॉगबुकात युनिटचा आणि चार्जिंगच्या वेळेचा रकाना. तात्या तटस्थ राहिले. विरोध नोंदवा असे ते म्हणाले नाहीत, अनुमोदकही झाले नाहीत.

गाडी आल्यानंतर

दसऱ्याला गाडी आली, चाकाखाली लिंबे ठेवली, पेढे वाटले आणि दुपारी चार्जिंगची गन लावली तर लाल दिवा. पुन्हा लावली, पुन्हा लाल. विक्रेत्याला फोन गेला, त्याने वायरिंग तपासा म्हणून सांगितले. वायरमनने न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये मीटर धरले तेव्हा कळले की इमारतीला अर्थिंग नावालाच आहे. मागच्या आवारात पेव्हिंग ब्लॉक बसवताना अर्थिंगचा खड्डा झाकला गेला होता आणि पावसाचे पाणी त्यात कित्येक वर्षे उतरलेच नव्हते. ब्लॉक उखडून, नवीन खड्डा काढून, मीठ-कोळशाचे थर देऊन दोन बादल्या पाणी ओतले. संध्याकाळी हिरवा दिवा लागला. एवढी वर्षे संगणक, फ्रीज आणि माणसे याच इमारतीत बिनघोर वावरत होती. नवी गाडी तेवढी हुशार निघाली. कोळसा शेवटी वापरलाच, असे तात्या म्हणाले, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा मोकळे हसले.

दुपारच्या चार्जिंगची शिस्त पहिल्या महिन्यात नीट बसली नाही. ड्रायव्हरला गाडी रात्री लावून सकाळी शंभर टक्के पाहण्याची हौस होती आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण डिझेलची टाकी भरलेली पाहण्याचीच ती सवय आहे. लॉगबुकातला वेळेचा रकाना दर शनिवारी पाहायला सुरुवात केल्यावर बदल झाला. पहिल्या तीन महिन्यांत दुपारचे चार्जिंग निम्म्याहून थोडे जास्त भरले. मी दोन तृतीयांश धरले होते, तेवढे अजून झालेले नाही.

पुण्याच्या एका फेरीत फजिती झाली. परतताना महामार्गावरच्या एका चार्जरवर थांबायचे ठरले होते. ॲपमध्ये तो चालू दिसत होता, प्रत्यक्षात बंद होता, आणि शेजारच्या दुसऱ्यावर आधीच एक गाडी लावून मालक जेवायला गेलेला. पुढच्या ठिकाणी पोचेपर्यंत १२ टक्के उरले, खंबाटकी घाट अजून पुढे होता, आणि वसुली अधिकाऱ्यांनी एसी बंद करायला लावून काचा उघडल्या. दीड तास उशिरा, पण सगळे साताऱ्यात पोचले. त्यानंतर पुण्याला जाताना गाडी शंभर टक्के भरून निघते, आणि एका दिवसात तीन कामे असतील, तर भाड्याची गाडी करण्याची मुभा व्यवस्थापकांना दिली आहे. ही तडजोड तरुण संचालकांना कमीपणाची वाटली. मला ती लॉगबुकातूनच आलेली वाटते.

राहिली जुनी जीप. नोंदणीची चार वर्षे शिल्लक असलेले वाहन भंगारात घालण्याचे कारण नव्हते, म्हणून लिलाव करून ते रहिमतपूरकडच्या एका रोपवाटिकेच्या मालकाला विकले. माझ्या टिपणाच्या शेवटच्या तक्त्यात एक ओळ होती: 'वाचणारे डिझेल, वर्षाला सुमारे १,६७० लिटर.' महिन्याभरापूर्वी तात्या रहिमतपूरला गेले असता त्यांना ती जीप दिसली. मागे उसाच्या रोपांचे ट्रे रचलेले, आणि दारावर संस्थेचे नाव नव्या रंगाखालून अजून वाचता येत होते. पुढच्या सभेत मागील सभेचे वृत्त कायम करण्याचा विषय आला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"त्या तक्त्यात दुरुस्ती करायची हाय," ते म्हणाले. "डिझेल वाचलं न्हाई. ते रहिमतपूरला गेलं."

मी टिपणाची प्रत मागवली, ती ओळ खोडून 'संस्थेच्या खर्चातून कमी झालेले डिझेल' असे लिहिले आणि बाजूला तारखेसह सही केली.